शाळा शिक्षण उपकरावर चालतात का?

‘आम्ही प्राप्तिकरावर उपकर भरतो, त्यावरच सरकारी शाळा चालतात’ हा समज 2004 पासून फिरतो आहे. त्या वर्षी केंद्राने 2 टक्के शिक्षण उपकर लावला. 2018 पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून तो 4 टक्के आहे. हे 4 टक्के उत्पन्नाचे नव्हेत, कराचे : 50,000 रुपये करावर 2,000.

हा पैसा केंद्राचा. राज्यांना वाटून द्यायच्या करांत उपकर धरला जात नाही. त्यातला काही भाग समग्र शिक्षासारख्या योजनांतून शाळांपर्यंत येतो, पण तिथेही महाराष्ट्राला 40 टक्के वाटा स्वतः घालावा लागतो.

शाळेचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार. जिल्हा परिषद शाळा असो वा खासगी अनुदानित, तो मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून जातो. ती तिजोरी भरते जीएसटी, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आणि केंद्रीय करांतला वाटा यांतून. म्हणजे प्राप्तिकर न भरणारी शेतमजूर बाईसुद्धा साबण विकत घेताना शाळेसाठी पैसे देते. तिला ‘फुकटची शाळा’ ऐकवणं सरळ अन्याय आहे.