करार झाला म्हणजे परवाना सगळीकडे चालतो का?

‘अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनरची (खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकाची) राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाली आणि राज्याराज्यांत करार झाला, की एकच परवाना पन्नासही राज्यांत चालतो’, असा संदेश फिरतो आहे.

परीक्षा खरोखरच राष्ट्रीय असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु परीक्षा पात्रता सिद्ध करते आणि काम करण्याची परवानगी मात्र त्या त्या राज्याचा कायदा देतो. आंतरराज्य करार आपोआप लागू होत नाही. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला तोच मसुदा स्वतंत्रपणे मंजूर करावा लागतो, आणि जे राज्य तो करत नाही तिथे जुनेच नियम चालतात. शिवाय सगळे करार सारखे नसतात : परिचारिकांच्या करारात एकच बहुराज्यीय परवाना मिळतो, तर डॉक्टरांच्या करारात प्रत्येक राज्याचा परवाना वेगळाच, फक्त लवकर मिळतो.

दुसरा गोंधळ २०१८ च्या केंद्रीय कायद्याचा. संघासोबत परराज्यात गेलेला ट्रेनर मैदानाच्या कडेला खेळाडूच्या मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधतो, तेव्हा ट्रेनरचे विमासंरक्षण (उपचारांत चूक झाल्याच्या दाव्यांसाठीचे) त्या कायद्यामुळे टिकते. पण तिथल्या रुग्णालयात केलेले उपचार त्यात येत नाहीत, आणि तिथे नोकरी धरण्याचा हक्कही त्यातून मिळत नाही.

खात्री करणे सोपे आहे. ज्या राज्यात काम करायचे, तिथल्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर करार मंजूर आहे का आणि त्याखाली अर्ज प्रत्यक्ष घेतले जात आहेत का, हे दोन्ही पाहावे. कारण मंजुरी आणि अंमलबजावणी यांत बराच काळ जाऊ शकतो.