आयईएलटीएस रीडिंग : स्वरूप आणि तयारी

आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेतला वाचनाचा पेपर. ६० मिनिटं, ४० प्रश्न. परदेशी शिक्षणासाठी अकॅडमिक आणि बहुतेक करून नोकरी-स्थलांतरासाठी जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत, लिसनिंग-स्पीकिंग दोन्हीकडे सारखंच असतं, रीडिंग मात्र वेगळं.

परीक्षा नेमकी कधीची हे कुठून मोजता त्यावर आहे. ब्रिटिश कौन्सिलकडे १९६०च्या दशकाच्या मध्यापासून अ‍ॅलन डेव्हिस यांनी तयार केलेली ईपीटीबी ही इंग्लिशची चाचणी होती, १९८०च्या सुमारास तिच्या जागी ईएलटीएस आली आणि काहीजण तिथूनच इतिहास धरतात. पण ऑस्ट्रेलियाची आयडीपी ही शिक्षणक्षेत्रातली संस्था सोबत येऊन नावाला 'इंटरनॅशनल' लागलं ते १९८९ मध्ये, त्यामुळे तेच साल धरलेलं बरं. अर्थात तयारी करणाऱ्याच्या कामाचं साल १९९५, कारण तोवर अकॅडमिक रीडिंगचे विषयानुसार तीन वेगळे पेपर होते आणि रायटिंगचा विषयही त्यालाच जोडलेला असायचा, ते सगळं तेव्हा काढून सगळ्यांना एकच पेपर झाला. म्हणून तर इंजिनिअरिंगवाल्यालाही पक्ष्यांच्या स्थलांतरावर पॅसेज येऊ शकतो, आणि म्हणूनच उत्तराला लागणारं सगळं पॅसेजमध्येच द्यावं लागतं.

ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनमध्ये, म्हणजे दिलेलं विधान पॅसेजनुसार बरोबर, चूक की त्यात सांगितलेलंच नाही हे ठरवायच्या प्रश्नांत, मुलं अडकतात ती इथेच. समजा पॅसेजमध्ये एवढंच आहे की १८५३ साली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. विधान 'गाडी पुण्याला गेली' असेल तर फॉल्स, कारण पॅसेज त्याच्या उलट सांगतो. 'गाडीला तीन इंजिनं होती' असेल तर नॉट गिव्हन, मग साहिब, सिंध, सुलतान ही नावं तुम्हाला शाळेपासून पाठ का असेनात! यस-नो-नॉट गिव्हन दिसायला तसंच, पण त्यात लेखकाचं मत विचारलेलं असतं.

आधी प्रश्न वाचावेत की आधी पॅसेज, यावर क्लासवाल्यांचे दोन तट आहेत. अकॅडमिकचे तीन पॅसेज मिळून २१५० ते २७५० शब्द होतात आणि लिसनिंगच्या कागदी पेपरसारखी उत्तरं उतरवायला वेगळी १० मिनिटं मिळत नाहीत, तेव्हा पॅसेजवर एक धावती नजर टाकून मग प्रश्न घेणं जास्त व्यवहार्य दिसतं. फक्त परिच्छेदाला योग्य हेडिंग जुळवायच्या प्रश्नाला ही धावती नजर पुरत नाही, तिथे परिच्छेद नीटच वाचावा लागतो.

निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे काहीही रिकामं सोडू नये. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं असताना तीन लिहिले की उत्तर चूक, स्पेलिंग चुकलं तरी चूक. अकॅडमिकला साधारण ३० बरोबर आले की बँड ७ (बँड म्हणजे ९ पैकी मिळणारा स्कोअर) मिळतो.

जनरल ट्रेनिंगचे उतारे सोपे, जाहिराती, नोटिसा, ऑफिसातली माहिती वगैरे, शेवटचा तेवढा लांब. पण तिथे बँड ७ ला साधारण ३४ बरोबर लागतात.