रिपोर्ट एकाकडे, आकडे दुसऱ्याकडे : शेअर्ड फोल्डर आणि परवानग्यांची पार्श्वभूमी

महिनाअखेर आली की एमआयएस टीमकडे, म्हणजे कंपनीचे आकडे आणि रिपोर्ट सांभाळणाऱ्यांकडे, दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, "डॅशबोर्डची लिंक आलीय, पण उघडत नाहीये." दुसरी, "डॅशबोर्ड उघडतोय, पण आत सगळे चौकोन रिकामे." (डॅशबोर्ड म्हणजे आकड्यांचे आणि आलेखांचे चौकोन एकत्र मांडलेलं पान.) फोन करणारा दोन्ही वेळी एकच वाक्य बोलतो, "जरा ॲक्सेस द्या ना." यंत्रणा सांभाळणाऱ्या ॲडमिनला मात्र या दोन कामांसाठी दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. पहिल्या तक्रारीचं मूळ फाइल सिस्टिमच्या इतिहासात आहे, दुसरीचं डेटाबेसच्या. ही दोन घराणी वेगवेगळ्या गरजांतून वाढली. ॲनालिटिक्सच्या, म्हणजे डेटावरून रिपोर्ट बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सोयरीक झाली, आणि ती अजून पुरती रुळलेली नाही.

फाइलींचं घराणं थोरलं. नोव्हेंबर 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही यंत्रणा चालवून दाखवली. तोवर पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकाल छापून येण्याची वाट पाहायची, अशी रीत होती. आता अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच संगणकावर काम करू लागले, सगळ्यांच्या फाइली एकाच डिस्कवर आल्या, आणि म्हणून पासवर्ड आले. ते फार काळ गुपित राहिले नाहीत. ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. 1962 मध्ये त्याने पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती पंच कार्डावरून टाकली आणि यंत्रणेने ती बिनबोभाट छापून दिली. पुढे 1966 मध्ये तर चोरी करायचीही गरज उरली नाही. एक जण रोजचा स्वागतसंदेश बदलत होता, दुसरा त्याच वेळी पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. एडिटरने दोघांनाही एकाच नावाची तात्पुरती फाइल दिली. अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. कॉर्बातो यांनी हा किस्सा पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला.

अनेकांनी एकच संगणक वापरायच्या याच मंडळींच्या पुढच्या प्रकल्पाचं नाव मल्टिक्स. 1965 मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी त्याच्या फाइल सिस्टिमवर निबंध सादर केला. आज आपण फोल्डरमध्ये फोल्डर ठेवतो ती उतरंड त्यात होती. कोणत्या फाइलवर कुणाला काय करता येईल, याची प्रत्येक फाइलला जोडलेली यादीही त्यातच होती. वस्तू शोधायची सोय आणि वस्तूला कुलूप हे एकाच जागी आलं ते इथे. पुढची साठ वर्षं बहुतेकांनी ही जोडी गृहीतच धरली, आणि बरेच घोटाळे त्यातूनच निघाले, असं माझं मत आहे. माणसं फोल्डर लावतात ते विषयानुसार : विक्री, वसुली, माल. कुलपं मात्र माणसानुसार लावायची असतात. या दोन मांडण्या एकमेकींवर तंतोतंत बसतील अशी कंपनी विरळाच.

मल्टिक्समध्ये सहभागी असलेली बेल लॅब्ज ही अमेरिकी प्रयोगशाळा 1969 मध्ये त्यातून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधताना परवानग्यांची लांबलचक यादी टाकून दिली आणि नऊ बिटांवर, म्हणजे हो-नाहीच्या नऊ खुणांवर, भागवलं : मालक, ग्रुप आणि बाकीचे, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण "अकाउंट्सवाल्यांनी वाचावं, ऑडिटवाल्या दोघांनी बदलावं, इतर कुणीच पाहू नये" अशी साधी कार्यालयीन मागणी त्यात बसवताना नाकी नऊ येतात.

ऑफिसांत कॉमन ड्राइव्ह पोचला तो 1980 च्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमुळे आणि नंतर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीमुळे. 1993 च्या एनटीने परवानग्यांची सविस्तर यादी परत आणली. नवीन फाइल तयार होताना फोल्डरच्या परवानग्यांची नक्कल तिच्यावर उतरायची आणि तिथेच संबंध संपायचा. उद्या फोल्डरची परवानगी बदलली, तरी आतल्या जुन्या फाइली आपल्या जुन्याच परवानग्या धरून बसत. वरचा बदल खाली आपोआप झिरपावा, म्हणजे वारसा चालू राहावा, ही सोय विंडोज 2000 मध्ये आली. नक्कल की वारसा, हा प्रश्न लक्षात ठेवावा. ॲनालिटिक्सवाल्यांनी तो पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सोडवला.

आता दुसरं घराणं. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा रिलेशनल, म्हणजे टेबलांच्या रूपात माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसचा प्रकल्प चालू होता. 1976 मध्ये पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी त्यातल्या अधिकारव्यवस्थेवर लिहिलं. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटणाऱ्या ग्रँट (अधिकार देणं) आणि रिव्होक (तो परत घेणं) या आज्ञांचा पाया तोच. त्यातला खरा पेच परत घेण्याचा होता. मी तुम्हाला अधिकार दिला, तुम्ही तो तिसऱ्याला दिला; आता मी तुमचा काढून घेतला तर तिसऱ्याचं काय? त्यांचं उत्तर असं की तिसऱ्याला तो दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळालेला नसेल तर त्याचाही जातो, आणि ही साखळी शेवटपर्यंत सोडवत न्यायची. टेबलाऐवजी व्ह्यूवर, म्हणजे त्यातला निवडक भाग दाखवणाऱ्या खिडकीवर, अधिकार देता येत असल्यामुळे कर्मचाऱ्यांची यादी दाखवून पगाराचा रकाना तेवढा झाकणंही जमू लागलं. फाइलच्या जगात हे शक्यच नव्हतं. तिथे दिली तर अख्खी फाइल, नाही तर काहीच नाही.

त्याच सुमारास या साऱ्याचं शास्त्रही उभं राहत होतं. 1975 मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी सुरक्षेची आठ तत्त्वं मांडली. कामापुरताच अधिकार द्यावा आणि स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर नाहीच असावं, ही त्यातली दोन आजही प्रत्येक ऑडिटरच्या तोंडी असतात. 1992 मध्ये डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी अधिकार माणसाला न देता भूमिकेला, म्हणजे रोलला, द्यायची पद्धत औपचारिकपणे मांडली. 1996 मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी तिची पायरीपायरीने वाढत जाणारी प्रारूपं तयार केली. संधू मूळचे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, म्हणजे ॲडमिनच्या स्क्रीनवरच्या "रोल्स" या टॅबचा एक धागा पवईलाही पोचतो. 2004 मध्ये ही पद्धत अमेरिकी मानक झाली.

सोयरीक जमली ती 1990 च्या दशकात. फ्रान्समध्ये 1990 साली निघालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्सने एसक्यूएल न येणाऱ्या माणसाला नेहमीच्या शब्दांत डेटाबेसला प्रश्न विचारता येईल असा मधला थर दिला आणि त्याला यूनिव्हर्स हे भारदस्त नाव ठेवलं. कॉग्नॉस, मायक्रोस्ट्रॅटेजी हेही त्याच वाटेने आले. इथे एक गोष्ट घडली, जिच्याकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. रिपोर्ट बघणाऱ्या पाचशे जणांची पाचशे खाती डेटाबेसमध्ये कोण उघडणार आणि कोण सांभाळणार? म्हणून रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर सर्रास एकाच सामायिक खात्याने डेटाबेसमध्ये शिरू लागलं. त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने विचारणारा कायम एकच. ग्रँट आणि रिव्होक जागच्या जागी राहिले, पण त्यांच्यासमोर निरनिराळी माणसंच येईनात. कोणी काय पाहावं हे ठरवायचं काम नकळत रिपोर्ट ठेवलेल्या फोल्डरवर येऊन पडलं. वस्तू शोधण्यासाठी केलेली मांडणी आकड्यांची राखणदार झाली. ऑरॅकल या डेटाबेस कंपनीने 1999 च्या 8आय आवृत्तीत ओळीनुसार डेटा गाळायची सोय देऊन हा कारभार डेटाबेसकडे परत ओढायचा प्रयत्न केला. पण त्यासाठी खरा वापरकर्ता कोण हे डेटाबेसला आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि घोडं तिथेच अडायचं.

2003 मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सने क्रिस्टल डिसिजन्स ही रिपोर्टिंगमधलीच कंपनी विकत घेतली. त्यातून आलेल्या एक्सआय आवृत्तीत परवानग्यांचा कळस झाला. प्रत्येक अधिकाराच्या तीन अवस्था : दिला, नाकारला, काहीच सांगितलेलं नाही. वारसा दोन बाजूंनी, वरच्या फोल्डरकडून आणि माणूस ज्या ग्रुपमध्ये आहे त्याच्याकडून. दोहोंत भांडण झालं तर नकार जिंकतो. हे कागदावर निर्दोष आहे. प्रत्यक्षात एखाद्याला रिपोर्ट का दिसत नाही हे शोधायला अर्धी दुपार जाते, आणि मग वैतागलेला ॲडमिन त्याला थेट पूर्ण अधिकार देऊन मोकळा होतो. नकाराची सोय जितकी सढळ, तितकी शेवटी उदारता जास्त, असा हा उफराटा हिशेब.

2003 मध्येच स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून टॅब्लो हे आलेख आणि डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर निघालं. त्याच्या सर्व्हरवर फोल्डरच्या जागी प्रोजेक्ट असतात. सुरुवातीला वर्कबुक, म्हणजे डॅशबोर्डची फाइल, सर्व्हरवर पब्लिश करताना प्रोजेक्टच्या परवानग्यांची नक्कल त्यावर उतरायची आणि पुढे पब्लिश करणारा त्यात हवे ते फेरफार करायचा. म्हणजे विंडोज एनटीचाच प्रश्न. त्यावर उतारा म्हणून प्रोजेक्टला परवानग्या कुलूपबंद करायची सोय आली, आणि प्रोजेक्टमध्ये प्रोजेक्ट ठेवता यायला 2018 उजाडलं. सामायिक खात्याचं दुखणं मात्र इथे आणखी बारीक झालं. पब्लिश करणाऱ्याला आपलं डेटाबेसचं युजरनेम-पासवर्ड वर्कबुकमध्येच भरून ठेवता येतं. मग बघणाऱ्या सगळ्यांना दिसतात ते त्या एकाच्या अधिकारातले आकडे. सोयीचं आहे खरं, पण पब्लिश करणारा फायनान्स हेड असेल तर प्रश्न उभा राहतो.

मायक्रोसॉफ्टचं याच कामाचं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय, जुलै 2015 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याचं वर्कस्पेस, म्हणजे रिपोर्ट ठेवायची सामायिक जागा, आधी ऑफिस 365 च्या ग्रुपला बांधलेलं होतं. रिपोर्टसाठी वर्कस्पेस उघडावं तर सोबत ग्रुपची मेलबॉक्सही जन्माला यायची. 2019 मध्ये ही गाठ सोडवली गेली आणि ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्यूटर, व्ह्यूअर असे चार रोल आले. यातली एक खोच अजून अनेकांना ठाऊक नसते. ओळीनुसार डेटा गाळायचे नियम त्या वर्कस्पेसमध्ये फक्त व्ह्यूअरला लागू होतात. विभागीय मॅनेजरला "रिपोर्टमध्ये किरकोळ बदल करू दे" म्हणून कॉन्ट्रिब्यूटर केलं की त्याला आपल्याच नव्हे, सगळ्याच विभागांचे आकडे दिसतात. वर्कस्पेसच्या आत फोल्डर अलीकडे आले, पण त्यांना स्वतःच्या परवानग्या नाहीत. ते निव्वळ आवराआवरीसाठी. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. मल्टिक्सपासून चिकटलेली जोडी निदान एका ठिकाणी तरी सुटली.

लुकर या आणखी एका ॲनालिटिक्स सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. लॉइड टॅब आणि सहकाऱ्यांनी उभारलेली त्याची कंपनी गूगलने 2.6 अब्ज डॉलरला घेतली. घोषणा 2019 मध्ये, व्यवहार पूर्ण 2020 मध्ये. इथे दोन्ही घराण्यांचे हिशेब उघडपणे वेगळे ठेवले आहेत. रोलमध्ये दोन भाग : काय करता येईल आणि कोणत्या मॉडेलचा, म्हणजे डेटाच्या कोणत्या आखणीचा, डेटा वापरता येईल. फोल्डरचा ॲक्सेस स्वतंत्र, आणि त्याच्या पातळ्या दोनच : पाहणं, किंवा व्यवस्थापन आणि बदल. वरच्या फोल्डरवर दुसरी पातळी मिळाली की ती खालच्या सगळ्या फोल्डरांत झिरपते आणि खाली कुठेही काढून घेता येत नाही. नकाराची सोयच नाही. म्हणून वरच्या शेअर्ड फोल्डरवर "ऑल युजर्स" या ग्रुपला फक्त पाहण्याची मुभा ठेवायची आणि बदलाचा अधिकार खालच्या फोल्डरात विभागवार ग्रुपला द्यायचा, हे ॲडमिनचं पहिलं काम. उलटं केलं, तर पुढे कितीही ग्रुप बनवले तरी दार उघडंच. फोल्डर दिसतो पण मॉडेलचा अधिकार नाही, अशा माणसाला मिळतो तो सुरुवातीला सांगितलेला डॅशबोर्ड : सांगाडा आहे, आकडे नाहीत. ज्याने ही रचना केली त्याच्या लेखी ही बिघाडाची खूण नाही, यंत्रणा नेमून दिलेलं कामच करते आहे.

भारतात या विषयाला कायद्याचं वजन आलं ते 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ग्राहकांचे मोबाइल नंबर असलेला रिपोर्ट "सगळ्यांना" खुला का होता, याचं उत्तर आता केवळ आयटीवाल्यांनी द्यायचं राहिलेलं नाही.

दरम्यान फोल्डरची वाट चुकवणारा नवा पाहुणा आला आहे. टॅब्लो, पॉवर बीआय, लुकर या सगळ्यांत आता साध्या भाषेत प्रश्न विचारून आकडे मागता येतात. विचारणारा कुठलाही फोल्डर उघडत नाही. जे वाचायचा त्याला अधिकार आहे, त्यातून उत्तर तयार होतं. कोपऱ्यातल्या फोल्डरात पडलेला, कुणाच्या नजरेस न येणारा रिपोर्ट तेवढ्यानेच आजवर झाकून राहिला होता. आता तो एका प्रश्नासरशी वर येतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या कोपायलट या एआय मदतनिसाबाबत ग्राहकांना सांगते ते हेच : तो सध्याच्याच परवानग्या पाळतो, म्हणून सुरू करण्याआधी शेअरपॉइंटवर, म्हणजे कंपनीच्या फाइली ठेवायच्या सामायिक जागेत, गरजेपेक्षा जास्त खुलं काय आहे ते तपासून घ्या.