भिजून वाळलेला कागद आणि स्कॅनरची नजर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांतले कागदही भिजले. खरेदीखतं, आजोबांच्या नोकरीचे हुकूम, मोडीतली जुनी पत्रं, लग्नातले कृष्णधवल फोटो. ते वाळवून झाल्यावर अनेक मराठी घरांत ठरलं की आता सगळं स्कॅन करून ठेवायचं. मग प्रश्न येतो तो ठरलेलाच: ‘स्कॅनर २४०० डीपीआयचा घ्यावा की ४८०० चा?’

माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो ते. ३०० डीपीआयला एक ठिपका साधारण ०.०८५ मिलिमीटरचा असतो, ६०० ला त्याच्या निम्मा. बोरूने काढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ ३०० डीपीआयलाही सहा ठिपक्यांत मावते. म्हणून दस्तऐवजाला ३०० ते ४००, कागदावरच्या फोटोला ६०० पुरे. हे आकडे आज कुठलाही स्कॅनर गाठतो. खोक्यावर याहून फार मोठा आकडा असेल, तर तो कधीकधी दोन खऱ्या ठिपक्यांमध्ये सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेल्या ठिपक्यांचा असतो. अमेरिकेत १९५७ मध्ये अभियंते रसेल कर्श यांनी संगणकात चढवलेला पहिला फोटो, त्यांच्या तान्ह्या मुलाचा, अवघ्या १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा होता. बाळाचा चेहरा त्यातही ओळखू येतो.

खरा प्रश्न आहे खोलीचा, म्हणजे काचेपासून किती उंचीपर्यंतचं स्कॅनरला स्पष्ट दिसतं याचा. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. लांबीत कमी, जाडीत जास्त. वाळताना कडा आधी सुकतात, मधला भाग नंतर, आणि या ओढाताणीत कागदाला कायमच्या लाटा पडतात. असा कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवला की त्याचा काही भाग काचेला टेकतो आणि काही एक-दोन मिलिमीटर वर राहतो. तो वर राहिलेला भाग नीट दिसेल की नाही, हे डीपीआयवर ठरत नाही. स्कॅनरच्या पोटात कोणतं भिंग आहे, यावर ठरतं.

घरगुती स्कॅनर दोन जातींचे. जुन्या, जाडजूड जातीला सीसीडी म्हणतात. त्यात आरसे प्रकाशाला घड्या घालत लांबवरून आणतात आणि एक छोटं भिंग २१ सेंटिमीटर रुंद पानाची प्रतिमा काही सेंटिमीटरच्या संवेदकावर उतरवतं. हा सीसीडी संवेदक १९६९ मध्ये बॉइल आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी शोधला. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. दुसरी जात सीआयएस. हे स्कॅनर पातळ, हलके, स्वस्त, बहुधा नुसत्या यूएसबीच्या वायरीवर चालणारे. यांत आरसे नाहीत. पानाच्या रुंदीएवढीच संवेदकांची पट्टी पानाखालून सरकते, आणि तिच्यावर काचेच्या बारीक कांड्यांची रांग उभी असते.

या कांड्या मला प्रकाशशास्त्रातल्या सर्वांत देखण्या वस्तूंपैकी एक वाटतात. कांडी जेमतेम एक मिलिमीटर जाड किंवा त्याहून बारीक, आणि दोन्ही टोकं सपाट. भिंगाचा फुगवटा कुठेच नाही. तरी ती भिंगाचं काम करते, कारण तिच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, मधोमध सर्वाधिक असतो आणि कडेकडे हळूहळू उतरत जातो. काच वितळलेल्या क्षारात ठेवून तिच्यातल्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, अदलाबदल करवली की हा उतार तयार होतो. प्रकाश जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला वळतो. मृगजळ दिसतं तेही यामुळेच: तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ, म्हणून किरण वरच्या दाट हवेकडे वळतात. कांडीत कडेकडे निघालेला किरण असाच मध्याकडे वळतो, मध्य ओलांडतो, पलीकडून पुन्हा परततो, आणि लाटेसारखा नागमोडी पुढे जातो. वाटेत कांडीच्या आतच एक उलटी प्रतिमा तयार होते. पुढे ती पुन्हा उलटून बाहेर सुलटी पडते, नेमकी मूळ आकाराची. कांडीची लांबी याच हिशेबाने कापलेली असते, कारण शेजारशेजारच्या कांड्यांच्या प्रतिमा सुलट्या आणि मूळ मापाच्या असतील तरच एकमेकींवर चपखल बसतात.

आता कागद वर उचलला गेला तर? प्रतिमेचं माप बदलतं आणि शेजारच्या प्रतिमा एकमेकींवरून घसरतात. शिवाय कांडी पानाच्या अगदी जवळ असल्याने ती प्रकाशाचा रुंद शंकू गोळा करते. समजा त्या शंकूचा अर्धकोन १० अंश आहे. मग अर्धा मिलिमीटर उंचीवरचा बिंदू जवळजवळ ०.१८ मिलिमीटरचा डाग होतो, म्हणजे ६०० डीपीआयचे चार ठिपके एकात मिसळले. सीसीडीत प्रकाशाची वाट कितीतरी लांब आणि शंकू निमुळता, त्यामुळे तिथे दोन-तीन मिलिमीटरनी फारसं बिघडत नाही.

पारखायला पट्टी पुरते. तिचं शून्याचं टोक काचेवर टेकवा, दुसरं टोक एक सेंटिमीटर उंच टेकणावर ठेवा आणि स्कॅन करा. सीआयएसमध्ये मिलिमीटरच्या रेघा थोड्याच अंतरात पुसट होतात. सीसीडीत खूप लांबपर्यंत वाचता येतात. कॅननचा लाइड ४०० सीआयएस जातीचा, एप्सनचा व्ही ६०० सीसीडी. कागद सपाट असतील तर सीआयएस उत्तम आहे, जास्त पैसे घालू नका.

पुरानंतर फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोंना तर हा फरक फारच महत्त्वाचा. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील. असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा. दोन मिलिमीटरची काच ओलांडून पाहणं सीसीडीलाच जमतं.

बाहेरून काम करून घेणार असाल तर आधी विचारा की कागद आपोआप आत ओढणाऱ्या फीडरच्या रोलरमधून जाणार का. जाणार असेल तर देऊ नका. घड्यांवर जीर्ण झालेला कागद तिथे फाटतो. बांधलेल्या वहीला वरून कॅमेऱ्याने टिपणारी सोय हवी. फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावता प्रतिमा साठवणाऱ्या प्रकारात, मागा. ४ गुणिले ६ इंची फोटो ६०० डीपीआयला, रंगीत, सुमारे २६ एमबी होतो, एवढी जागा परवडते. एआयने ‘स्वच्छ’ केलेला फोटो हवा तर वेगळा घ्या, पण तो मूळ म्हणून जपू नका. त्यातले डोळे यंत्राने कल्पिलेले असतात, आजीचे नसतात.

आणि जीर्ण पोथ्या, जुने कागद घरात ठेवणं अशुभ म्हणून नदीत सोडण्याची रीत कृपा करून थांबवा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये जिथे मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, जिथल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं जपली आहेत, त्या बडोद्यात तरी असं होऊ नये. कुजलेल्या कागदाने घरावर संकट येत नाही. बुरशी येते, आणि तिच्यावर उपाय कोरडी हवा हा आहे.

स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात, आणि पेन्सिलीची फिकट रेघ करड्या छटांत किंवा रंगीत स्कॅन केली तरच उतरते. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात ती नाहीशी होते.