जहाजांच्या डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइड मर्यादा

जहाजावरच्या डिझेल इंजिनाने दर किलोवॉट-तास कामामागे जास्तीत जास्त किती ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडावीत, हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय नियम. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टातला हा तेरावा नियम. परिशिष्ट १९९७ मध्ये स्वीकारले गेले, पण अंमलात यायला १९ मे २००५ उजाडला. कडक केलेली आवृत्ती १ जुलै २०१० पासून लागू झाली. १३० किलोवॉटहून मोठी इंजिने, मग ती जहाज पुढे ढकलणारा पंखा फिरवणारी असोत वा जनित्र चालवणारी, यात येतात. केवळ आणीबाणीसाठी ठेवलेली वगळली आहेत.

धुरातल्या गंधकाचा प्रश्न तेल बदलून सुटतो, हा तसा सुटत नाही. सिलिंडरमधले तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. ज्वलन थोडे थंड केले तर हा वायू घटतो, पण तेल जास्त जळते. इंजिन बनवणाऱ्यांची खरी ओढाताण इथेच आहे. संथ इंजिनात वायू जास्त वेळ तापलेले राहत असल्याने त्यांना सवलतही जास्त मिळते.

मर्यादेचे तीन टप्पे आहेत. १ जानेवारी २००० पासून बांधलेल्या जहाजांना पहिला, २०११ पासूनच्यांना दुसरा. मिनिटाला १३० पेक्षा कमी फेरे घेणाऱ्या इंजिनाला ते अनुक्रमे १७ आणि १४.४ ग्रॅमची मुभा देतात. तिसऱ्या टप्प्यात ती थेट ३.४ वर येते. ७२० फेऱ्यांच्या जनित्र-इंजिनाचा हिशेब मांडला तर आकडे सुमारे १२.१, ९.७ आणि २.४ असे निघतात. म्हणजे दुसरी पायरी बेताची आणि तिसरी उंच.

मात्र तिसरा टप्पा फक्त धुरावर जादा निर्बंध असलेल्या नियंत्रित सागरी क्षेत्रांतच बंधनकारक आहे, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेचा किनारा व अमेरिकी कॅरिबियन येथे २०१६ पासून, बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०२१ पासून बांधलेल्या जहाजांसाठी. भारताच्या किनाऱ्यावर असे क्षेत्र नाही, त्यामुळे मुंबईत येणाऱ्या नव्या जहाजालाही दुसरा टप्पा पुरतो.

‘बांधलेले’ म्हणजे कील, अर्थात तळाचा कणा, बसवल्याची तारीख. ही पळवाट मालकांनी लगेच हेरली. मुदतीआधी कील बसवून टाकायची आणि बाकीचे जहाज सवडीने उभारायचे! नॉर्वेजियन समुद्र या आणखी एका नियंत्रित क्षेत्रासाठी नियम लिहिताना म्हणूनच तीन तारखा घातल्या गेल्या: जहाजबांधणीचा करार १ मार्च २०२६ पासूनचा, करार नसल्यास कील १ सप्टेंबर २०२६ पासूनची, किंवा जहाजाचा ताबा १ मार्च २०३० पासूनचा.

तपासणी बहुतेक कागदावर आणि सुट्या भागांवर चालते. इंजिनाची चाचणी कारखान्यात होते आणि त्याची तांत्रिक फाइल जहाजावर राहते. सर्वेक्षक नॉझल (तेल फवारणारे टोक), इंधनपंपाचा प्लंजर (दट्ट्या), कॅमशाफ्ट (झडपांची वेळ सांभाळणारा दांडा) यांवर कोरलेले क्रमांक फाइलशी ताडून पाहतो. स्वस्तातले बिनक्रमांकाचे नॉझल बसवलेले सापडले, तर वायू न मोजताही इंजिन मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्रावर प्रश्नचिन्ह लागते.

तिसरा टप्पा गाठायला धुराड्याच्या वाटेवर उत्प्रेरक बसवून त्याआधी युरियाचे द्रावण फवारतात, किंवा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूचा काही भाग थंड करून, धुऊन पुन्हा सिलिंडरकडे वळवतात. कमी दाबावर नैसर्गिक वायू जाळणारी इंजिने याशिवायही पास होतात. त्यांच्यातून निसटणारा मिथेन हा वेगळा वाद.

उत्प्रेरकाला ऊब लागते. गंधकयुक्त तेलावर वायू साधारण ३०० अंशांखाली गेला की युरियातून निघणारा अमोनिया आणि गंधक यांचा चिकट क्षार तयार होऊन उत्प्रेरक तुंबतो, म्हणून फवारा बंदच ठेवावा लागतो. बंदरात हळू शिरणाऱ्या जहाजाची नेमकी हीच अवस्था असते. मुख्य इंजिनाच्या ठरलेल्या चाचणीत मात्र सर्वांत कमी भार २५ टक्क्यांचा, आणि एकूण गुणांत त्याचा वाटा जेमतेम ०.१५. त्याखालच्या भाराची चाचणीच होत नसल्याने, वस्तीला लागून जो धूर निघतो त्यावर या नियमाची पकड सर्वांत सैल आहे.