पीर पंजालच्या अल्याड-पल्याड एकच खासदार

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जम्मू-काश्मीरमधल्या अनंतनाग-राजौरी मतदारसंघाचं मतदान ७ मेवरून २५ मेवर ढकललं गेलं. निवडणूक आयोगाने कारण दिलं दळणवळणाच्या अडचणींचं. अडचण नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी मतदारसंघाची हद्द आखली तेव्हाही डोंगर तिथेच होता.

अनंतनागसह काश्मीर खोरं एकीकडे, राजौरी-पूंछ दुसरीकडे आणि मधे पीर पंजालची रांग. दोहोंना थेट जोडणारा मुघल रोड सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या ‘पीर की गली’ खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात बर्फाने बंद पडतो. मग राजौरीहून अनंतनागला जायचं तर जम्मू, बनिहाल असा मोठा वळसा. पूर्वी राजौरी आणि पूंछ हे दोन्ही जिल्हे जम्मू लोकसभा मतदारसंघात होते, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

२०१९ मध्ये राज्याची पुनर्रचना झाली. लडाख वेगळं निघालं, जम्मू-काश्मीरकडे लोकसभेच्या ५ जागा उरल्या. मार्च २०२० मध्ये मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा परिसीमन आयोग नेमला गेला; अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई. ५ मे २०२२ च्या अंतिम आदेशात विधानसभेच्या जागा ८३ वरून ९० झाल्या. जम्मू विभागाला ४३, काश्मीरला ४७.

खरी गोम या आकड्यांत आहे. ९० जागा ५ खासदारांत सारख्या वाटल्या की प्रत्येकी १८. जम्मूचे दोन मतदारसंघ भरले की ७ जागा उरतात, खोऱ्यातले दोन भरले की ११. ही उरलेली बेरीज म्हणजे अनंतनाग-राजौरी. सगळा केंद्रशासित प्रदेश एकच घटक मानल्याचं आयोगाने सांगितलं. परिसीमन कायद्याचं कलम ९ मात्र आटोपशीर भूप्रदेश, नैसर्गिक रचना, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोयही बघायला सांगतं. खोऱ्यातल्या पक्षांनी नेमका त्यावरच आक्षेप घेतला. भाजपला दोन्ही बाजू जोडण्यात गैर वाटलं नाही. मतांचं गणित दोघांनाही कळत होतं, हे वेगळं सांगायला नको.

नकाशात आणखी एक गंमत आहे. मुघल रोड खोऱ्यात उतरतो तो शोपियांला, आणि शोपियां विधानसभा मतदारसंघ गेला श्रीनगर लोकसभेत. म्हणजे उन्हाळ्यात, रस्ता उघडा असतानाही, पूंछहून या वाटेने अनंतनागला निघालेला उमेदवार खिंड ओलांडून आधी शेजारच्या मतदारसंघात उतरतो.