अर्धपोटी भूक आणि गोडाची तल्लफ

वजन कमी करायला घेतलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोललं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "बाकी सगळं जमतं हो, पण गोडाची तल्लफ काही आवरत नाही." त्याच्या पाठोपाठ, "माझ्यात विलपॉवरच नाही." मी विचारते, दुपारी काय खाल्लं होतं? "थोडंसं सॅलड." सकाळी? "फक्त कॉफी." अशा माणसाला संध्याकाळी साडेपाचला जे होतं, ती तल्लफ नसते. ती भूक असते, अगदी साधी जेवणाची भूक. तिला तल्लफ म्हणायचं, तिच्याशी रोज भांडायचं, रोज हरायचं आणि मग स्वतःला कमकुवत समजायचं. हे वर्षानुवर्षं चालू राहतं आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

घोळ उलट्या दिशेनेही होतो. पोटभर जेवून तास उलटलेला असतो आणि चॉकलेट आठवतं. "भूकच असेल" असं समजून माणूस मूठभर बदाम खातो, मग एक फळ, मग थोडं दही, आणि शेवटी चॉकलेटही खातोच. चारशे कॅलरी जास्त गेल्या, आणि जी शमवायची होती ती भूक तिथे नव्हतीच.

दोन्ही वेळी डोळ्यांसमोर गोडच येतं म्हणून दोन्ही एक वाटतात. उपाय मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध. भुकेला खायला द्यावं लागतं, तल्लफेला थांबवून ठेवावं लागतं. चुकीच्या वेळी चुकीचा उपाय केला की दोन्ही जास्तच बिघडतात.

भूक काय असते हे सांगायची गरज नाही, म्हणून दोन ओळींत आटोपते. पोट रिकामं होऊ लागलं, नेहमीची जेवणाची वेळ जवळ आली, की जठरातून ग्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि मेंदूला खायची आठवण करून देतं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ साली शोधलं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन साठा पुरेसा आहे असं सांगतं. वजन उतरलं की लेप्टिनही उतरतं, म्हणून वजन घटवणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते. त्यात स्वभावाचा काही दोष नाही.

तल्लफेची सुरुवात पोटात होत नाही. ती आठवणीतून सुरू होते. काहीतरी दिसतं, वास येतं, ठरावीक खुर्चीत बसणं होतं, मालिका सुरू होते, बॉसचा फोन संपतो, आणि त्या क्षणाशी जोडलेला पदार्थ मनात उभा राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी या विषयात फार मोलाचं काम केलं आहे. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती खाताना आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी आहे, हे त्यांनी दाखवलं. पाचव्या तुकड्याला पहिल्याची चव उरलेली नसते, तरी हात पुढे जातोच, याचं कारण मला त्यातच दिसतं.

फरक सांगणारे तक्ते सगळीकडे फिरतात. भूक हळूहळू येते, तल्लफ झटक्यात येते. भूक पोटात जाणवते, तल्लफ तोंडात. भुकेला काहीही चालतं, तल्लफेला एकच पदार्थ लागतो. पहिले दोन मुद्दे ढोबळमानाने ठीक आहेत, त्यांवर वेळ घालवायला नको. तिसऱ्या मुद्द्याने मात्र फार नुकसान केलं आहे.

त्याच मुद्द्यावरून ती प्रसिद्ध चाचणी निघाली आहे. स्वतःला विचारा, आत्ता सफरचंद खाशील का? हो आलं तर भूक, नको आलं तर तल्लफ. ही चाचणी मला अजिबात मान्य नाही. सहा तास धड काही न खाल्लेल्या माणसाला सफरचंद नकोच वाटतं. एका सफरचंदात शंभराच्या आसपास कॅलरी, त्या माणसाची तूट सातआठशेची. अशा वेळी मन भरपूर आणि झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थांकडेच धावतं, आणि ते पदार्थ बहुतेक वेळा गोड किंवा तळलेले असतात. म्हणजे "मला गोडच हवंय, दुसरं काही नको" हे खऱ्या भुकेचंही वाक्य असू शकतं. चाचणी त्या माणसाला तल्लफेच्या रांगेत उभं करते आणि तो आणखी दोन तास उपाशी राहतो. रात्री दहाला काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला माहीत आहे.

अर्धपोटी राहिल्यावर मनाचं काय होतं, याचं सगळ्यात स्पष्ट चित्र १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसलं. संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे रोज सुमारे १६०० कॅलरींवर ठेवलं, शिवाय त्यांना भरपूर चालायला लावलं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, खाण्याची स्वप्नं बघू लागली. आधी त्यांच्यापैकी कोणी खाण्याचं वेडं नव्हतं. पुरेसं न मिळाल्याने ते तसे झाले. आज कितीतरी डाएट चार्ट १६०० च्याही खाली असतात, आणि त्यावर दिवस काढणारी बाई "मला गोडाचं व्यसन आहे" असं म्हणते तेव्हा मला ते तरुण आठवतात.

झोपेचंही तसंच आहे. शिकागो विद्यापीठातल्या २००४ सालच्या एका छोट्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपायला दिलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि ग्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं, आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची ओढ सगळ्यात जास्त वाढली. इथेही वखवख गोडाची दिसते, पण मूळ भुकेच्या यंत्रणेत आहे.

तर मग ओळखायचं कसं? माझं ठाम मत असं की त्या क्षणी आत डोकावून काही कळत नाही, कारण आत दोन्ही वेळी सारखंच वाटतं. मागे बघावं लागतं. पहिला प्रश्न, गेल्या चारपाच तासांत मी काय खाल्लं आणि काल रात्री किती झोपले? दुसरा प्रश्न, गेल्या पाच मिनिटांत काय घडलं? पहिल्याचं उत्तर "जवळजवळ काहीच नाही" असं आलं, तर ती भूक आहे, मग डोळ्यांसमोर केक नाचत असला तरीही. जेवण व्यवस्थित झालेलं असेल आणि दुसऱ्याच्या उत्तरात काहीतरी ठळक सापडलं (भांडण, कंटाळा, शेजारच्या टेबलावर उघडलेला पुडा), तर ती तल्लफ.

हे मला एका वहीने शिकवलं. वजन उतरवत असताना तीन आठवडे मी गोड हवंसं वाटलं की फक्त तीन गोष्टी लिहायची: किती वाजले, शेवटचं धड जेवण कधी झालं, लगेच आधी काय चाललं होतं. वही वाचायला बसले तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी पाच ते सातच्या होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या दिवशी मी दुपारचं जेवण "हलकं" केलेलं होतं. ज्याला मी दोन वर्षं माझा कमकुवतपणा समजत होते, तो दुपारच्या जेवणाचा तुटवडा होता. जेवण वाढवल्यावर संध्याकाळची ओढ आठवडाभरात विझली. उरलेल्या नोंदी रात्री साडेनऊच्या, सोफ्यावरच्या. जेवण कितीही वाढवलं तरी त्या हलल्या नाहीत, कारण त्यांचा भुकेशी संबंध नव्हता.

भुकेचा उपाय सांगायला फार शब्द लागत नाहीत: जेवा, आणि तेही ओढ सुरू व्हायच्या आधी. जेवणात पुरेशी प्रथिनं आणि चोथा असू द्या, पोट जास्त वेळ शांत राहतं. दिवसभराच्या कॅलरी ठरलेल्याच असतील तर त्या सकाळ-दुपारकडे सरकवा. दिवसभर वाचवून रात्री उधळण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं.

तल्लफेवर मात्र बरंच करता येतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तल्लफ चित्रांवर जगते. आपण तो पदार्थ मनात बघतो, त्याचा वास घेतो, तो तोंडात विरघळताना अनुभवतो, आणि प्रत्येक चित्रागणिक ओढ वाढते. म्हणून "चॉकलेटचा विचार करायचा नाही" असं घोकणं निरुपयोगी आहे, त्यातही चॉकलेटच आहे. चित्राची जागा दुसऱ्या चित्राने अडवावी लागते. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीनच मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं आणि तल्लफेचा जोर कमी झालेला दिसला, कारण डोळ्यांसमोर ठोकळे पडत असताना मनाला दुसरं चित्र रंगवायला जागा उरत नाही. एक्सेटर विद्यापीठात चॉकलेटच्या नियमित खवय्यांवर झालेल्या प्रयोगांत १५ मिनिटं झपझप चालण्याने ओढ उतरली. मी स्वतः चालायला जाते. नाहीच जमलं तर कोडं सोडवते. हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले हवेत, नुसता टीव्ही लावून उपयोग होत नाही, तो बहुतेकदा तल्लफेचाच साथीदार असतो. आणि पुडा नजरेआड ठेवा. हे इतकं साधं आहे की लोक करतच नाहीत.

जेवल्यावर लगेच गोड हवंसं वाटतं, त्याला "पोटात गोडासाठी वेगळी जागा असते" म्हणतात. जागा वेगळी नसते. एकाच चवीचं खात राहिलं की त्या चवीचा कंटाळा येतो, नवी चव मात्र ताजी वाटते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ पासून हे नीट तपासलेलं आहे. ही ओढ बहुधा सौम्य असते आणि ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेलं की विरते.

आता तीन समजुती, ज्या ऐकून मी थकले आहे.

"माझी शुगर लो झाली." निरोगी माणसाची रक्तशर्करा दोन जेवणांच्या मध्ये सहसा धोक्याच्या पातळीला जात नाही, यकृत ती सांभाळतं. जे इन्सुलिन किंवा काही ठरावीक मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांचं मात्र पूर्ण वेगळं आहे. त्यांना थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं आणि ग्लुकोमीटरने ७० च्या खाली आकडा दाखवला, तर १५ ग्रॅम साखर ताबडतोब घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. यंत्र हाताशी नसेल तर आधी साखर घ्यायची. त्यांनी या लेखातलं थांबण्याबिंबण्याचं काहीही त्या वेळी लावायचं नाही.

"शरीराला मॅग्नेशियम हवं असतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटतं." तसं असतं तर भोपळ्याच्या बियांसाठीही जीव कासावीस झाला असता. त्यांत मॅग्नेशियम चॉकलेटहून जास्त असतं.

"मी साखर सोडली, मध घेते." चमचाभर साखरेत १६ कॅलरी, चमचाभर मधात वीसएक, कारण मध जड असतो. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रससुद्धा साखरेतच धरते, आणि हे सगळं मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम, जमल्यास २५. त्याच संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नका असंही सुचवलं आहे. मलाही तो आवडत नाही. गोड चवीची सवय तशीच राहते.

गोड पूर्ण बंद करावं का, यावर लोक हिरीरीने भांडतात. एखादा पदार्थ एकदम वर्ज्य केला तर पहिले काही दिवस त्याचीच ओढ वाढते, महिनोन् महिने खाणं आटोक्यात राहिलं तर ओढ हळूहळू कमी होते, दोन्ही खरं आहे. ज्याला पूर्ण सोडणं सोपं जातं त्याने सोडावं. मला ते जमत नाही, म्हणून मी ठरवून थोडं खाते. आठवडाभर तडफडून एक दिवस तुटून पडायचा तो चीट डे मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. सहा दिवसांची अर्धपोटी भूक आणि सहा दिवसांची तल्लफ एकाच संध्याकाळी एकत्र येतात.

दोन्ही एकदम आल्या तर क्रम सांभाळा. आधी जेवण, मग वीस मिनिटं, मग निर्णय. तरी हवंच असेल तर हवं तेवढं वाटीत काढा, पुडा बंद करून आत ठेवा आणि बसून खा. रिकाम्या पोटी ज्या पुड्यातले आठ तुकडे जातात, जेवण झाल्यावर त्यातले दोन पुरतात, असं माझ्या वहीत निदान दहा ठिकाणी लिहिलेलं आहे.